गळ्यातील मडके आणि सुनीत थेर

नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांच्या चित्रांतील अस्पृश्याच्या गळ्यात मडके असते, सोबत झाडू असतो. अशा एका चित्राच्या शीर्षकात पुणे आणि पेशवा या दोहोंचा उल्लेख आहे. थुंकी भुईवर पडू नये म्हणून मडके आणि पाऊलखुणा पुसल्या जाव्यात म्हणून झाडू, या पेशव्यांच्या राजधानीतील सक्तीविषयी बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या ग्रंथात लिहिले आहे. मुळशीच्या वाचकाला ते पुणे काही दूरचे नाही.

या चित्रांवर आपल्यातूनच एक आक्षेप येऊ शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेने जे मागे टाकले, ते पुन्हा भिंतीवर कशासाठी लावावयाचे? आक्षेपामागील वेदना खरी आहे. परंतु त्याचा निष्कर्ष पाली परंपरेस धरून नाही.

थेरगाथेतील सुनीत थेर हे निर्माल्य काढून टाकणारे सफाई कामगार होते. अर्हत्पद प्राप्त झाल्यावरही त्यांनी आपला हीन मानला गेलेला जन्म, दारिद्र्य आणि लोकांनी केलेली घृणा स्वमुखाने सांगितली. तथागत भिक्षुसंघासह येत आहेत हे पाहून त्यांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली व ते सामोरे गेले. त्यांच्याविषयीच्या अनुकंपेने तथागत थांबले. ही आठवण संघाने लपविली नाही, जतन केली.

सावरकरांच्या त्या शीर्षकाचे महत्त्वही येथेच आहे. ते स्थळ सांगते, सत्ता सांगते. अस्पृश्यता म्हणजे त्या माणसाचा स्वभाव नव्हे, ती विशिष्ट कारणांनी लादलेली अवस्था होय, हे त्यातून स्पष्ट होते. जे कारणांनी उत्पन्न होते ते कारणे नष्ट झाल्यावर निरुद्ध होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आहे. कारण झाकून निरोध साधत नाही.

एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. मडके आणि झाडू वारंवार आले की प्रेक्षक खूण ओळखतो आणि माणूस पाहावयाचे राहून जाते. सुनीत थेरांच्या गाथांत कावड आहे, तशीच ती खाली ठेवण्याची कृतीही आहे. या चित्रांत तथागत दिसत नाहीत. थांबण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. म्हणून विहाराच्या अभ्यासवर्गात हे चित्र दाखवावे, त्याच बैठकीत सुनीत थेरांच्या गाथाही वाचाव्यात आणि मुलांना दोन्हींवर प्रश्न विचारू द्यावेत.