ताटी आणि दार

'ताटी म्हणजे दार' असा अर्थ मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. जामसरच्या बाजूची कारवीच्या कुडाची घरे पाहिली आणि माझी चूक उमगली. कामट्यांच्या ताटीला ना कडी, ना अडसर, शेळीनेही लोटावी! मग कथेप्रमाणे रुसून आत बसलेल्या ज्ञानेश्वरांना धाकट्या मुक्ताबाईने एवढ्या विनवण्या का कराव्यात? 'ताटीच्या अभंगां'चे मर्म इथेच आहे. ताटी तिला सहज लोटता आली असती. पण मन लोटून उघडत नाही. आपणही रागावलो की 'दार लावून घेतो'. टीकाकारांनी या अभंगांतला उपदेश पुष्कळ वाखाणला; मला त्यांतली बाहेर ताटकळलेली बहीण मोठी वाटते. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारी जातो. इथे बहीण भावाच्या दारी उभी आहे. वाचकहो, यंदा कुणाची ताटी लागलेली असेल, तर आपणच हाक घालावी.