एका जठराचे पुस्तक

‘जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवते’ हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण एखाद्या विद्यार्थ्याने ‘हे कळले कसे?’ असे विचारले तर? त्याचे बरेचसे उत्तर विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या जठररसावरील पुस्तकात आहे. पुस्तक जुने आहे, पण शिक्षकाने वाचावे असे आहे.

६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर बंदुकीचा बार चुकून उडाला आणि अलेक्सी सेंट मार्टिन हा फर व्यापारातला तरुण कामगार जबर जखमी झाला. ब्यूमाँटने त्याला वाचवले. जखम भरली, पण जठरापर्यंत गेलेले भोक बुजले नाही. १८२५ पासून ब्यूमाँट त्यातून मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडू लागला आणि ठरावीक वेळाने ओढून पाहू लागला.

पुस्तकाचे खरे बळ त्याच्या पुढच्या पायरीत आहे. जठर अन्न दळते की कुजवते, हा तेव्हाचा वाद होता. ब्यूमाँटने जठररस बाहेर काढून बाटलीत घेतला, त्यात मांस टाकले आणि बाटली शरीराइतकी उबदार ठेवली. मांस विरघळले. थंड रसात ते तसेच राहिले. म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया आहे आणि ती शरीराबाहेरही घडते! प्राण्यांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राउटने १८२४ मध्ये दाखवले होते. ब्यूमाँटने रसाचे नमुने रसायनतज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा माणसाच्या रसातही तेच सापडले. आम्लाखेरीज आणखी काही क्रियाशील द्रव्य असावे, हा त्याचा तर्कही बरोबर निघाला. १८३६ मध्ये श्वानने त्याला पेप्सिन हे नाव दिले.

उणिवाही आहेत. सारे निष्कर्ष एकाच माणसाच्या जठरावर उभे आहेत. अन्नाचा स्पर्श जठराला झाला की रस सुटतो, असे ब्यूमाँट मानत होता. अन्न जठरात पोचण्यापूर्वीच, नुसत्या चवीने व वासाने मज्जातंतूंमार्फत रस सुटू लागतो, हे पुढे पावलोव्हने कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. आज आपल्याला माहीत आहे, की ॲसिटिलकोलीन, गॅस्ट्रिन आणि हिस्टामिन यांचे संदेश मिळाल्यावर जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात.

सर्वांत मोठी उणीव मात्र शास्त्रीय नाही. १८३२ च्या करारानुसार जेवणखाण, कपडे, निवारा आणि वर्षाला १५० डॉलर यांच्या बदल्यात सेंट मार्टिनने आपले जठर प्रयोगांसाठी द्यायचे होते. एक डॉक्टर, दुसरा निरक्षर, गरीब आणि त्याच डॉक्टरच्या उपचारांवर जगलेला. अशा कराराला खुषीचा म्हणावे का? पुढे तो कॅनडात परतला आणि ब्यूमाँटने वारंवार बोलावूनही आला नाही. १८८० मध्ये तो वारल्यावर कुटुंबीयांनी देह मुद्दाम कुजू दिला आणि मगच खोल पुरला. डॉक्टरांच्या हाती तो पडू नये म्हणून!

हा धडा शिकवताना बाटलीचा प्रयोग जरूर सांगावा. पण जठर कोणाचे होते, हेही सांगावे. ‘कसे कळले’ याचे उत्तर त्याशिवाय पुरे होत नाही.