'बाबेतची मेजवानी' : स्वयंपाकघराच्या दारातून

गाब्रिएल ॲक्सेल या डॅनिश दिग्दर्शकाचा 'बाबेतची मेजवानी' हा १९८७ सालचा चित्रपट सुरू होतो तो वाळत घातलेल्या मासळीपासून. करडे आभाळ, करडा समुद्र आणि दोरीवर टांगलेले चपटे मासे. वसईच्या किनाऱ्यावर काठ्यांवर वाळणारे बोंबील पाहत वाढलेल्या प्रेक्षकास हे दृश्य परके वाटू नये. मेजवानीविषयीच्या चित्रपटाने इतक्या रुक्ष, खारट दृश्यापासून आरंभ करावा, यात दिग्दर्शकाचा हेतू आहे, आणि तो सहसा नजरेतून निसटतो असे आम्हांस वाटते.

या चित्रपटास १९८८ साली सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्या धर्मविषयक विभागात त्यास स्थान लाभले. तेव्हापासून आपल्याकडील भाविक मंडळी हा चित्रपट पाहतात आणि पाहून झाल्यावर बहुधा एकच गोष्ट बोलतात : पंक्तीला बारा जण आहेत, तेव्हा हे अखेरचे भोजन, वाढणारी बाबेत ही ख्रिस्ताची प्रतिमा, आणि मेजवानी म्हणजे मिस्साबलिदान. हे चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते फार लवकर हाती येते आणि एकदा हाती आले की प्रेक्षक पुढे पाहावयाचे थांबतो.

कथानक थोडक्यात असे. जटलंडच्या किनाऱ्यावरील एका खेड्यात मार्तिने आणि फिलिपा या दोघी अविवाहित बहिणी आपल्या दिवंगत धर्मोपदेशक पित्याचा लहानसा पंथ सांभाळीत आहेत. नावे मार्टिन ल्यूथर आणि फिलिप मेलांक्थॉन यांच्यावरून ठेवलेली; घर अतिशय साधे, हृदय मोठे. तारुण्यात एका बहिणीवर तरुण सेनाधिकारी लोरेन्स लोव्हेनहिल्म अनुरक्त झाला होता, तर दुसरीच्या गळ्यावर पॅरिसचा गायक आशिल पापँ लुब्ध झाला होता. दोघांनाही रिकाम्या हातांनी परतावे लागले. १८७१ मध्ये, पॅरिसच्या कम्युनचा रक्तपात झाल्यावर, पापँचे पत्र घेऊन एक फ्रेंच स्त्री वादळी रात्री त्यांच्या दाराशी येते. तिचा पती आणि मुलगा मारले गेले आहेत. ती वेतनाविना घरकाम करू इच्छिते. पत्रात तिच्याविषयी एवढेच आहे की तिला स्वयंपाक येतो.

येथून पुढील चौदा वर्षांवर चित्रपट फार वेळ घालवीत नाही. पण त्याचे मर्म आमच्या मते याच काही मिनिटांत आहे. बहिणी बाबेतला सुकी मासळी भिजवायला आणि शिळा पाव बिअरमध्ये शिजवून त्याची लापशी करायला शिकवितात. पॅरिसच्या सर्वश्रेष्ठ उपाहारगृहाची मुख्य आचारीण हा धडा निमूटपणे ऐकून घेते. स्तेफान ओद्रां या अभिनेत्रीचा चेहरा या प्रसंगी पाहण्यासारखा आहे. त्यावर उपहास नाही आणि हुतात्म्याचा आवही नाही. भांड्याकडे लक्ष देणाऱ्या कामकरी स्त्रीची एकाग्रता तेवढी आहे. मग ती रानातून पालेभाज्या वेचून आणते, मासळीवाल्याशी आणि वाण्याशी घासाघीस करते. काही काळाने बहिणींच्या ध्यानात येते की बाबेत आल्यापासून हातात पैसा अधिक उरतो आहे. पुढे ती मेजवानीचे सामान आणवण्यासाठी काही दिवस गावाबाहेर जाते. तेव्हा ती लापशी बहिणी स्वतः रांधून गोरगरिबांना नेऊन देतात. पहिला घास घेताच एक वृद्ध तोंड वाकडे करतो.

त्या एका मुद्रेत चौदा वर्षांचा इतिहास आहे. पदार्थ तोच, भांडे तेच. तरीही इतकी वर्षे कोणीतरी रोज त्यात काहीतरी घालीत होते, आणि ते काय याचा पत्ता ना खाणाऱ्यांना होता, ना वाढणाऱ्यांना. बाबेतची मेजवानी त्या एका रात्रीची नव्हेच. ती गेली चौदा वर्षे दारोदार पोहोचत होती. फक्त तिला मेजवानी म्हणावे असे कोणाला सुचले नव्हते.

मग लॉटरीचे दहा हजार फ्रँक येतात. पॅरिसमधील एक स्नेही दरवर्षी तिचे तिकीट नव्याने घेत असतो. आता ती मायदेशी जाणार असे बहिणी धरून चालतात. बाबेत मात्र एकच मागणे करते : धर्मोपदेशकाच्या जन्मशताब्दीचे जेवण तिने रांधावे आणि ते अस्सल फ्रेंच असावे. जिवंत कासव स्वयंपाकघरात आलेले पाहून मार्तिनेला भयाची स्वप्ने पडतात, आणि हे काहीतरी सैतानी भोजन असणार या धास्तीने सारी मंडळी ठरवितात की जेवताना चवीविषयी एक अक्षर काढावयाचे नाही. एक जण दाखला देतो काना गावच्या लग्नाचा : तेथे तरी अन्नाला कोठे महत्त्व होते?

या दाखल्याशी आम्ही थबकलो. कारण योहानाच्या शुभवर्तमानात नेमके उलट आहे. भोजनकारभारी तो द्राक्षारस चाखतो आणि त्याच्या चवीविषयीच बोलतो. आणि त्याच ठिकाणी योहान एक बारीकशी गोष्ट नोंदवून ठेवतो : द्राक्षारस कोठून आला हे कारभाऱ्यास ठाऊक नव्हते, पाणी भरणाऱ्या सेवकांना मात्र ठाऊक होते. चित्रपटातील पंक्तीची रचना हुबेहूब अशीच आहे. आता जनरल झालेला लोव्हेनहिल्म पंक्तीला आला आहे. आमोन्तिलादो, कासवाचे सूप, कॅव्हियारसह ब्लिनी, १८६० सालची 'व्हव्ह क्लिको' शँपेन ही सारी परंपरा त्या एकट्यालाच उमगते. तो अचंब्याने काही बोलू पाहतो, तर शेजारचे हवापाण्याच्या गप्पा काढतात. (प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो, आणि तो पिकावाच.) पापुद्र्यांच्या पेटीत ठेवलेले लावे समोर येताच त्याला पॅरिसचे 'कॅफे आंग्ले' आणि तेथील अद्वितीय आचारीण आठवते. तो तिची कथा सांगतो, स्तोत्र ८५ च्या आधाराने दया आणि सत्य यांच्या भेटीविषयी एक सुंदर भाषण करतो आणि निघून जातो. ती स्त्री भिंतीपलीकडे, चार पावलांवर उभी आहे हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. चव ओळखणारा एकच, आणि त्यालाही हात ओळखता येत नाहीत.

आपल्या धर्मग्रामातील सणाच्या दिवशी आपण प्रवचनाची वाखाणणी करतो, गायनमंडळाला शाबासकी देतो. मांडवामागे चुलीशी पहाटेपासून बसलेल्या बायांकडे किती जण जातात, हे ज्याचे त्याने आठवावे.

चित्रपट ज्या कथेवरून केला ती कारेन ब्लिक्सेन यांची. त्यांनी ती इसाक डिनेसेन या टोपणनावाने इंग्रजीत लिहिली आणि १९५० मध्ये ती एका अमेरिकन मासिकात प्रथम छापून आली. मूळ कथा नॉर्वेत घडते; ॲक्सेल यांनी ती जटलंडला आणली, ते ठीकच केले. परंतु एका ठिकाणी त्यांनी कथेची धार बोथट केली अशी आमची तक्रार आहे. आमच्यासाठी तू सर्वस्व वेचायला नको होतेस, असे बहिणी म्हणतात, तेव्हा कथेतील बाबेत जवळजवळ तिरस्काराने सांगते की हे तुमच्यासाठी नव्हतेच, माझ्यासाठी होते. चित्रपटातील बाबेत म्हणते की ते केवळ तुमच्यासाठी नव्हते. 'केवळ' या एका शब्दाने ती आपल्याला पचेल अशी होते. शिवाय कथेत ती आणखी अवघड कबुली देते : ज्यांच्याविरुद्ध ती रस्त्यावरच्या मोर्च्यांत उभी राहिली, तेच उमराव आणि सेनापती तिचे खरे रसिक होते, आणि ते नाहीसे झाले याचेही तिला दुःख आहे. कम्युनच्या संहाराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो गालिफे त्यांतलाच एक. जनरल पंक्तीत त्याचे नाव सहज घेऊन जातो. ते नाव चुलीपाशी कसे ऐकू आले असते, हे चित्रपट आपल्याला दाखवीत नाही.

आम्हांस पुस्तकातील बाबेत अधिक खरी वाटते. दानशूर बाईचे चित्र भिंतीवर लावणे सोपे असते. जिला आपली कला दिल्यावाचून जगताच येत नाही, आणि ती कोणाला दिली हा प्रश्न जिला शत्रूच्या बाबतीतही सोडवता आलेला नाही, अशा बाईपुढे बसणे कठीण. तिच्या औदार्याला त्यामुळे उणेपणा येतो असे मात्र मुळीच नाही.

एवढे म्हटल्यावर हेही सांगितले पाहिजे की अखेरचे दृश्य ॲक्सेल यांनी अतिशय संयमाने घेतले आहे. पाहुणे गेले आहेत. जुनी भांडणे विसरलेली म्हातारी मंडळी ताऱ्यांखाली हात धरून विहिरीभोवती फेर धरीत आहेत. आत न घासलेल्या भांड्यांच्या ढिगात बाबेत थकून बसली आहे. दहा हजार फ्रँक संपले. 'कॅफे आंग्ले'त बारा जणांच्या जेवणाला तेवढेच लागत. फिलिपा पुढे होऊन तिला मिठी मारते आणि एके काळी पापँने स्वतः तिलाच लिहिलेले आशेचे शब्द, स्वर्गातील देवदूतांविषयीचे, आता तिच्या स्वाधीन करते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचा हा आवडता चित्रपट. २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रात दुसऱ्याला आनंद देण्याच्या आनंदाविषयी लिहिताना त्यांनी त्याचा उल्लेख केला, तेव्हा त्यांनी निवडली ती पंक्तीची झगमग नव्हे, तर स्वयंपाकघरातील ही मिठी.

बाराच्या गणितात न बसणारा एक जण मात्र सर्वांच्या विस्मृतीत जातो. जनरलचा गाडीवान. त्याला पंक्तीत जागा नाही, म्हणून तो स्वयंपाकघरातच बसतो आणि बाबेत त्याला प्रत्येक पदार्थ वाढते. त्याने मौनाची शपथ घेतलेली नाही आणि पॅरिसही पाहिलेले नाही. तो मनसोक्त जेवतो, आणि छान झाले आहे असे रांधणारीच्या तोंडावर सांगतो. बाबेत हसते.