सणाचा चित्रपट : सजावट आणि संरचना

कोणत्या चित्रपटाला सणाचा चित्रपट म्हणावे? पडद्यावर दिंडी वा आकाशकंदील दिसला की हे विशेषण सहज लावले जाते. परंतु सजावट हा वर्गीकरणाचा निकष होऊ शकत नाही. अमेरिकेत ‘डाय हार्ड’ (१९८८) या मारधाडपटाविषयी हाच वाद रंगत आला आहे. तो प्रदर्शित झाला जुलैत. तरीही नाताळच्या पूर्वसंध्येची मेजवानी आणि दुरावलेल्या पत्नीला भेटायला आलेला नायक यांवाचून त्याची संहिता उभीच राहत नाही.

मराठीत परेश मोकाशी दिग्दर्शित ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. दिवंगत वडिलांनी बनविलेली सायकल कर्जापायी विकली जाऊ नये म्हणून पंढरपुरातील मुले कार्तिकी यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. यात्रा नसेल तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर कथानकही नाही. मात्र एवढा कार्यकारणभाव पुरेसा नाही. गर्दी कोणत्याही जत्रेत मिळते. निर्णायक ठरते ते मूल्य. एकादशीला धंदा करावा की दर्शन घ्यावे, हे द्वंद्व सावता माळ्यांच्या परंपरेने केव्हाच निकालात काढले आहे : तेथे मळ्यातील काम हीच पूजा. मुलांचे दुकान याच परंपरेत अर्थपूर्ण होते.

सारांश, सण हा कथेचे कारण आणि तिचे मूल्य असा दुहेरी असला पाहिजे. या निकषाने देवदर्शन घडविणारे काही चित्रपट वगळावे लागतील. ते मान्य करावयास हवे.