केटलबेल स्विंग आणि पाठदुखी: सात जणांवर किती भार टाकायचा?

मध्यंतरी एका जिममध्ये पहिल्याच दिवशी माझ्या हातात 16 किलोची केटलबेल आली. "स्विंग मार, पाठ मजबूत होते, रिसर्च आहे," असं ट्रेनर म्हणाला. पन्नास मारले. दुसऱ्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी करणाऱ्या माणसाने "कुठला रिसर्च?" एवढं तरी विचारायला हवं होतं. उशिरा का होईना, आज विचारूया.

दोन पेपर हमखास पुढे केले जातात. पहिला 2012 चा, कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या स्टुअर्ट मॅकगिल आणि ली मार्शल यांचा. 16 किलोची केटलबेल वापरताना कोणते स्नायू किती काम करतात आणि कंबरेच्या मणक्यांवर काय भार येतो, हे त्यांनी तपासलं. निष्कर्ष खरंच भारी आहे. नेहमीसारखं वाकून वजन उचलताना वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकू पाहतो. स्विंगमध्ये हे बल उलट, मागच्या दिशेने लागतं. यावरून लेखक एवढंच म्हणतात की, काहींच्या पाठीला स्विंग का मानवतो आणि एरवी जड वजनं पेलणाऱ्या काहींना तो का सोसत नाही, याचं कारण इथे असू शकेल. म्हणजे पेपर दोन्ही बाजू मांडतो, आपण मात्र सोयीची एकच उचलतो. शिवाय मोजमाप झालं सात पुरुषांवर. हालचाल समजून घ्यायला सात जण चालतील. "पाठ बरी होते" म्हणायला नाही.

दुसरा 2011 चा, डेन्मार्कमधला. 40 प्रौढ, बहुतेक स्त्रिया, सरासरी वय 44. त्यातल्या एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा केटलबेलचा व्यायाम केला. मान-खांद्यांचं आणि कंबरेचं दुखणं कमी झालं. एरोबिक क्षमता मात्र वाढली नाही; तरीही "कार्डिओची गरजच नाही" म्हणणारे आहेतच! माझा आक्षेप असा: दुसऱ्या गटाला तोडीचा दुसरा व्यायाम दिलेला नव्हता. मग गुण केटलबेलचा की नियमित व्यायामाचा? दुखणं किती, हेही ज्याचं त्यानेच सांगायचं, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्याला ठाऊक!

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. नीट शिकलेला आणि न शिकलेला, यांची तुलना दोन्हीत नाही. त्यामुळे "तंत्र बरोबर असेल तर दुखापत होतच नाही" हे वाक्यही या पेपरांच्या जोरावर म्हणता येत नाही.

मग तंत्र सोडून द्यायचं? अजिबात नाही. स्विंगचा जोर नितंब आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंतून यायला हवा. मी तेव्हा उठाबशा काढत खांद्यांनी वजन वर खेचत होतो आणि कंबर गोल करत होतो. आता आधी काठी घेतो: डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं ठेवून फक्त खुब्यातून वाकायचं. काठी सुटली की वजन नाही. हे जमल्यावर हलकी बेल, दहाचे सेट. हात दोरीसारखे, बेल गुडघ्यांच्या वरूनच मागे जाऊ द्यायची. आकार बिघडला की सेट संपला, मग आकडा कितीही असो.

पुढच्या वेळी कुणी "रिसर्च आहे" म्हणालं, तर दोनच प्रश्न विचारा: किती जणांवर? आणि कशाच्या तुलनेत? आणि पाठ आधीच दुखत असेल, तर माझ्या ब्लॉगआधी फिजिओथेरपिस्ट गाठा.