माघनंदि सिद्धांतदेव व त्यांचा शिष्यसंघ : दोन शिलालेखांचें फेरवाचन

मठाधिपति म्हणजे आपल्या परिवारावर व जमिनीवर सत्ता चालविणारा एक लहानसा राजाच, असें गृहीत धरून लिहिण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. शिलाहारकालीं कोल्हापुरांत प्रसिद्धीस आलेले माघनंदि सिद्धांतदेव यांसही हेंच माप लावण्याचा मोह होतो. आमच्या मतें मूळ लेख या समजास आधार देत नाहींत.

कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडांत छापलेले शिलाहार विजयादित्याचे दोन लेख येथें मुख्य होत. पहिला कोल्हापुरास शुक्रवार वेशीजवळचा, शके १०६५, म्हणजे इ. स. ११४३ चा, दुसरा कागलजवळील बामणीचा, शके १०७३, म्हणजे इ. स. ११५० चा. दोन्ही दानें चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिलेलीं आहेत. पहिल्यांत माघनंदींचा गृहस्थ शिष्य वासुदेव यानें हाविन-हेरिलगे येथें बांधविलेल्या वसदीस जमीन व घरजागा दिली आहे. दुसऱ्यांत चोधोरे कामगावुंड याच्या मडलूर येथील वसदीस. माघनंदि हे क्षुल्लकपुर म्हणजे कोल्हापूर येथील रूपनारायण जिनालयाचे आचार्य. ‘रूपनारायण’ हें गंडरादित्याचें बिरुद होतें, हें ध्यानांत घेतां या जिनालयाचा राजकुलाशीं संबंध उघड आहे.

परंतु राजानें पाय धुतले ते कोणाचे? पहिल्या लेखांत माणिक्यनंदि पंडितांचे, दुसऱ्यांत अर्हनंदि सिद्धांतदेवांचे. दोघेही माघनंदींचे शिष्य. दान गुरूच्या हातीं न पडतां शिष्याच्या हातीं पडलें. शिवाय त्याचा विनियोग बांधून दिलेला आहे : देवाची अष्टविध पूजा, पडझडीचा जीर्णोद्धार आणि तेथील मुनींस आहार. चौथें कलम नाहीं. ज्यास उत्पन्न कोठें खर्चावें हें दात्यानेंच सांगून ठेविलें, त्यास मालक म्हणावें कीं विश्वस्त? आम्ही विश्वस्तच म्हणूं. या लेखांतून माघनंदींचा जो अधिकार दिसतो, तो शिष्यपरंपरेचा आहे. गांवोगांवच्या वसद्या तिनेंच कोल्हापुराशीं जोडिल्या.

यावर कोणी म्हणतील कीं, गुरूच्या आज्ञेशिवाय शिष्य दान घेईल काय? शंका रास्त आहे. पण आज्ञा कशी चाले, हें दानलेख सांगत नाहीं, कारण तें त्याचें कामच नव्हे. इंग्लंडांत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शॅप येथील मठाधिपति रिचर्ड रेडमन (मृत्यु १५०५) हा आपल्या पंथाच्या मठांची तपासणी करीत फिरे. त्याच्या दप्तरांत मठवासीयांचीं नांवें, त्यांचे अपराध, प्रायश्चित्तें व मठाचें कर्ज हीं नोंदलेलीं आहेत. तेथें मठाधिपतीचा कारभार बोलतो; आपल्या लेखांत केवळ दात्याची इच्छा बोलते. एकावरून दुसऱ्याचें चित्र रंगविणें सशास्त्र नव्हे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. बस्तीमठांतून हस्तलिखितें गोळा करितांना सचित्र पोथी तेवढी उचलूं नये. कोठीचे हिशेब, शिधावाटपाच्या याद्या, शिष्यांस धाडलेलीं पत्रें हींही राखावीं. उत्तरकालीन भट्टारकपीठांचा कारभार समजला तर तो अशाच कागदांवरून समजेल. ताम्रपट टिकतो, कागद वाळवीच्या तोंडीं जातो.