घड्यांमधली कारागिरी

नागपूर-हैदराबाद महामार्ग समुद्रपूर तालुक्यातल्या जामला पोचतो आणि तिथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. कोळसा, सिमेंट, हिंगणघाटच्या कापसाच्या गाठी, सगळं याच चौरस्त्यावरून जातं. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो, त्यात कोळशाची भुकटी मिसळते. ट्रकचं सहा लिटरचं इंजिन 2000 फेऱ्यांवर, टर्बो नसतानाही, मिनिटाला जवळपास 6000 लिटर अशी हवा ओढतं. मधे उभा असतो तो एअर फिल्टरमधला घड्यांचा कागद.

कंपनीचा एअर फिल्टर हातात घेऊन निरखावा. घड्या एकसारख्या अंतरावर, ताठ. हवेच्या दाबाने एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कागदावर बारीक उठाव नाहीतर गोंदाच्या रेघा. टोकाचं पॅकिंग बोटाने दाबलं की दबतं आणि सोडलं की जागेवर येतं. आतून दिवा धरला तर उजेड सगळीकडे सारखा झिरपतो. या कागदाची खरी करामत अशी की तो नुसती चाळणी नाही. त्याच्या छिद्रांहून बारीक कणही तंतूंच्या गुंत्यात अडकतात, आणि अडकलेली धूळ पुढच्या धुळीला अडवते. म्हणूनच ऊठसूट हवा मारणं किंवा टायरवर आपटणं हा या कारागिरीचा अपमान आहे. त्यात कागद फाटतो, पॅकिंग वाकडं होतं.

हलका लोकल फिल्टर मापाला तंतोतंत बसतो, पण घड्या मोजल्या तर कमी, कागद लेचापेचा, पॅकिंग कडक. धूळ अडवण्याचे 99.9 टक्के आणि 99 टक्के हे आकडे ऐकायला शेजारी. पण दुसऱ्यातून आत जाणारी धूळ दहापट. ती बोर आणि पिस्टन रिंगा घासते, मग इंजिन ऑइल खातं.

तरी बाहेरचा माल म्हणून सरसकट नाक मुरडणं अन्यायाचं ठरेल. मान, डोनाल्डसन, फ्लीटगार्ड हे वाहन कंपन्यांनाही फिल्टर पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. त्यांच्या घड्यांतही तीच शिस्त दिसते. पैसे खोक्यावरच्या नावाला नव्हे, कागदाला आणि पॅकिंगला मोजावेत. आणि जुना फिल्टर काढला की इंजिनकडच्या पाइपात आतून बोट फिरवावं. बोटाला धूळ लागली, तर तो फिल्टर कितीही स्वस्त मिळालेला असो, महागच पडला.